स्त्रियांचे एक अबोल दुखणे : मूत्रमार्गदाह आणि त्याचे निवारण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, जुळे सोलापूर येथे भरलेल्या महिला परिषदेत एका स्त्री-डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्यासाठी मंडळाने मला पाचारण केले, याबद्दल मंडळाचे आभार मानणे हे मी माझे पहिले कर्तव्य समजते. महिला परिषदेच्या चिटणीसबाईंनी मला ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा मोघम विषय सुचविला होता. विषय मोघम असला म्हणजे वक्त्याची सोय होते. आहार, विश्रांती आणि व्यायाम यांविषयी चार सर्वमान्य गोष्टी सांगितल्या की श्रोते टाळ्या वाजवितात, आणि घरी गेल्यावर सर्व काही पूर्ववत चालू राहते. म्हणून चिटणीसबाईंच्या अनुमतीने मी विषयाचा व्याप कमी केला आहे. ज्या दुखण्याविषयी स्त्री आपल्या सख्ख्या बहिणीशीही मोकळेपणाने बोलत नाही, जे बरे झाल्यासारखे वाटते आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा डोके वर काढते, त्या मूत्रमार्गाच्या दाहाविषयी मी आज बोलणार आहे. सभेत पुरुषमंडळी बसली आहेत, याचा मला संतोष वाटतो. या दुखण्याच्या निवारणाचा निदान अर्धा भाग त्यांच्या हाती आहे, हे व्याख्यान संपेपर्यंत त्यांच्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

आपल्याकडे या दुखण्याला एक घरगुती नाव आहे. लघवीला जळजळ होऊ लागली, थेंब थेंब होऊ लागली, की आपण म्हणतो, “उन्हाळी लागली.” सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत सहज चढतो, तेव्हा हे नाव आपल्या तोंडी रुळले यात नवल नाही. उन्हात पाणी कमी प्यायले तर मूत्र गडद होते, थोडे होते, आणि उतरताना किंचित आग होते, हेही खरे. धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नारळाचे पाणी किंवा बार्ली घेतल्यावर एका दिवसात तो त्रास नाहीसा होतो. परंतु याच नावाखाली आपण दुसरे एक दुखणे झाकून ठेवतो. त्याचा उन्हाशी केवळ दूरचा संबंध असतो. पुन्हा पुन्हा लघवीची भावना होते, प्रत्येक वेळी थोडीच होते, शेवटच्या थेंबाला असह्य आग होते, ओटीपोटात कळ येते, मूत्र गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त होते, क्वचित त्यात रक्तही दिसते. ही लक्षणे पौष महिन्याच्या थंडीतही उद्भवतात. हा जंतूंचा संसर्ग असतो आणि सब्जाने जंतू मरत नाहीत. पेयांच्या योगाने पोटात पाणी जाते, मूत्र पातळ होते आणि आग थोडी शमते, एवढेच. मी या घरगुती उपायांची निंदा करीत नाही. त्यांची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे.

आता हा संसर्ग स्त्रियांनाच अधिक का होतो, ते पाहू. मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र दोन नळ्यांवाटे मूत्राशयात साठते आणि तेथून मूत्रनलिकेवाटे बाहेर पडते. ही बाहेरची नलिका पुरुषांत सुमारे वीस सेंटिमीटर लांब असते, तर स्त्रियांत ती अवघी चार सेंटिमीटर, म्हणजे दीड इंचाच्या आसपास असते. शिवाय तिचे मुख योनिमार्गाच्या आणि गुदद्वाराच्या निकट असते. आपल्या आतड्यांत जे असंख्य जंतू निर्वेधपणे राहतात, त्यांतलाच एक जंतू या दुखण्यास बहुतेक वेळा कारण होतो. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचे वर्णन प्रथम केले, आणि त्याच्याच नावावरून आज त्याला ‘एशेरिखिया कोलाय’, संक्षेपाने ‘ई. कोलाय’, असे म्हणतात. साध्या मूत्राशयदाहाच्या दर चार रुग्णांपैकी तिघींत हाच जंतू सापडतो. आतड्यात तो निरुपद्रवी असतो. दीड इंचाची वाट ओलांडून मूत्राशयात पोचला म्हणजे उपद्रवी ठरतो.

येथे माझ्या भगिनींना मी आवर्जून सांगते, की हे दुखणे अस्वच्छतेची खूण नाही, दुर्वर्तनाची तर मुळीच नाही. स्त्रीशरीराची रचनाच त्याला अनुकूल आहे. निम्म्याच्या आसपास स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा दाह होतो, आणि ज्यांना तो एकदा झाला त्यांच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश जणींना सहा महिन्यांच्या आत पुन्हा होतो. सहा महिन्यांत दोन वेळा किंवा वर्षात तीन वेळा तो झाला, तर वैद्यकशास्त्र त्याला ‘वारंवार होणारा संसर्ग’ असे म्हणते. अशा स्त्रीला प्रत्येक वेळी नुसती गोळी देऊन भागत नाही. तो पुन्हा का होतो, याचा शोध घ्यावा लागतो. कधी आतड्यातून नवे जंतू येतात, तर कधी पूर्वीचेच जंतू मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींमध्ये शिरून दडून बसतात आणि संधी साधून बाहेर येतात.

त्यांना ही संधी कशी मिळते, हा प्रश्न आपल्या नित्याच्या जीवनाशी निगडित आहे. अनुकूल परिस्थितीत हा जंतू सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या हिशेबाने सहा तासांत एका जंतूचे अडीच लक्षांहून अधिक जंतू होतील. मूत्रात ही गती मंद असते, तरी तत्त्व तेच. निसर्गाने यावर साधी योजना केली आहे. मूत्राशय दर तीन-चार तासांनी रिकामे झाले म्हणजे वाढू लागलेले जंतू प्रवाहाबरोबर वाहून जातात. जी स्त्री पाणीच कमी पिते आणि आलेली भावना दाबून ठेवते, ती या योजनेत स्वतःच्या हाताने अडथळा आणते. आपल्या प्राचीन वैद्यांना जंतू ठाऊक नव्हते, परंतु ही गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘नवेगान्धारणीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. शरीराचे कोणते वेग अडवू नयेत हे त्यात सांगितले असून, त्यांत मूत्राच्या वेगाला अग्रस्थान दिले आहे. तो अडविल्याने बस्तीत शूळ होतो आणि मूत्र कष्टाने उतरते, असे चरकाचे निदान आहे.

हा वेग स्त्री हौसेने अडवीत नाही. आपल्या सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून बिड्या वळतात. कारखान्याच्या शाखेतून पाने व तंबाखू आणावयाची, बिड्या वळून परत द्यावयाच्या, आणि मजुरी हजारावर मोजून घ्यावयाची, असा तो व्यवहार आहे. जी मजुरी हजारावर मिळते, तीत उठण्याचा प्रत्येक क्षण पदरचा जातो. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई एकदा उठायचे ते दोनदा टाळते, आणि उठावे लागू नये म्हणून पाण्याचा तांब्याही दूर ठेवते. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने कामाच्या जागी स्वच्छतागृहांची तरतूद केली होती. परंतु जिचे घर हीच कामाची जागा, तिच्या पदरी त्या कलमाचा लाभ कितीसा पडणार? बाजारात भाजी घेऊन बसणारी, दुकानात उभी राहून कापड दाखविणारी आणि शाळेत शिकविणारी स्त्री यांची स्थितीही फारशी निराळी नाही. पुण्याला एस. टी. ने जावयाचे म्हटले की अडीचशे किलोमीटरांच्या प्रवासात आपण पाण्याचा थेंब तोंडात घालीत नाही. आषाढी वारीत बाया उन्हापावसात मैलोगणती चालतात आणि आडोसा मिळणार नाही म्हणून तहान मारतात. गेल्या काही वर्षांत पालखी-मार्गावर फिरती शौचालये ठेवण्यात येऊ लागली, ही सुचिन्हे होत.

पाण्याचा प्रश्न तर आपल्या नगरीच्या पाचवीलाच पुजलेला आहे. उजनीचे धरण जिल्ह्यात असूनही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव जुळे सोलापुरातील आणि गावठाणातील भगिनींनी वर्षानुवर्षे घेतला आहे. घरात पाणी साठवून वापरावयाचे असले म्हणजे सर्वांत आधी काटकसर कोठे होते, तर घरच्या बाईच्या पिण्यात आणि तिच्या स्वच्छतेत. मुलांचे व पुरुषांचे झाल्यावर उरलेले आपले, ही आपली जुनी सवय आहे. या सवयीची किंमत शरीर कशी मोजते, याचा पुरावाही आता उपलब्ध आहे. २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना हा दाह वारंवार होत होता आणि ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी द्रव घेत होत्या, अशा १४० स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी रोज अधिक प्यावे आणि दुसऱ्याने आपला क्रम बदलू नये, असे ठरले. वर्षअखेर हिशेब केला तेव्हा पहिल्या गटात सरासरी १.७ वेळा, तर दुसऱ्यात ३.२ वेळा संसर्ग झाल्याचे आढळले. नुसत्या पाण्याने दुखणे जवळजवळ निम्म्यावर आले. याहून स्वस्त औषध कोणत्या दुकानात मिळणार? घरातील तांब्यात किती पाणी मावते ते एकदा मोजून ठेवावे आणि दिवसात आपण किती तांबे रिचविले याचा हिशेब ठेवावा. मूत्राचा रंग फिकट गवती राहील इतके पाणी पुरेसे समजावे. ज्यांना हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आता स्त्रीच्या आयुष्यातील निरनिराळ्या अवस्थांचा विचार करू.

पहिली अवस्था शाळकरी मुलीची. शाळेतील स्वच्छतागृह घाण असते, दाराला कडी नसते, म्हणून मुलगी सकाळी घरून जाते ती संध्याकाळी घरी येईपर्यंत थांबते. आईने तिला दप्तरात काय भरलेस असे विचारावे, तसेच ‘दुपारी जाऊन आलीस का’ असेही विचारावे. बद्धकोष्ठानेही मुलींत हा त्रास वाढतो. म्हणून भाकरी, भाजी व पाणी यांकडे लक्ष असावे.

दुसरी अवस्था नवविवाहितेची. या अवस्थेविषयी मी थोडे विस्ताराने बोलणार आहे, कारण येथे अज्ञानामुळे संसारात विष कालविले जाते. पतिपत्नीच्या सहवासात मूत्रनलिकेच्या मुखाजवळचे जंतू आत ढकलले जातात. यास्तव लग्नानंतरच्या प्रथम काही आठवड्यांत हा दाह होणे ही अगदी सामान्य घटना आहे. परंतु घरात काय घडते? सून वारंवार मोरीकडे जाते, चेहरा ओढलेला असतो, पोटात दुखते म्हणते. सासूबाईंना वाटते, माहेरूनच काही दुखणे घेऊन आली. नवऱ्याच्या मनात त्याहून अनुचित शंका येते. ती बिचारी परक्या घरात कोणाजवळ बोलणार? माझे स्पष्ट सांगणे आहे, की हा विकार एकाकडून दुसऱ्यास जडणाऱ्या गुप्तरोगांपैकी नाही. जंतू तिच्याच आतड्यातला असतो. त्यावरून तिच्या शीलाविषयी अथवा पतीच्या वर्तनाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. सहवासानंतर लवकरच मूत्रविसर्जन करावे. याने हमखास प्रतिबंध होतो असे सिद्ध झालेले नसले, तरी त्यात अपाय काहीच नाही. संततिनियमनासाठी शुक्रजंतुनाशक मलम किंवा तसा लेप असलेली साधने वापरली जात असतील, तर ती बदलावीत; त्यांनी योनिमार्गातील उपकारक जंतू मरतात आणि हा त्रास वाढतो. नव्या सुनेला स्वच्छतागृहात जाताना कोणाची परवानगी विचारावी लागू नये, एवढी काळजी सासूने घेतली तरी औषधाचा निम्मा खर्च वाचेल.

तिसरी अवस्था गर्भवतीची. गरोदरपणी मूत्राचा प्रवाह मंद होतो आणि मूत्राशयातील जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढण्याची भीती वाढते. तसे झाले तर मातेला तीव्र ज्वर येतो, आणि अकाली प्रसूतीचा धोका संभवतो. कधी कधी मूत्रात जंतू असूनही काहीच जळजळ होत नाही. म्हणून आरंभीच्या महिन्यांतच मूत्राची ‘कल्चर’ तपासणी करून घ्यावी, आणि जंतू आढळल्यास त्रास नसला तरी उपचार घ्यावा.

चौथी अवस्था पाळी गेल्यानंतरची. या वयात स्त्री-संप्रेरक घटते, योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, आणि तेथील आम्लता टिकविणारे मित्रजंतू नाहीसे होतात. मोकळ्या पडलेल्या जागेत आतड्यातले जंतू वस्ती करतात. आजी म्हणतात, “आता या वयात कसली औषधे?” परंतु याच वयात एक उत्तम उपाय उपलब्ध आहे. संप्रेरकयुक्त मलम स्थानिक स्वरूपात लावण्याचा प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मलम वापरणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा, तर न वापरणाऱ्यांना ५.९ वेळा संसर्ग झाला. हे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास तसे आधी सांगावे. शिंकताना लघवी होणे, गर्भाशय खाली सरकणे, मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे या तक्रारीही याच वयात असतात. त्या लपवू नयेत, कारण आत साचून राहिलेल्या मूत्रात जंतूंचे चांगलेच फावते. मधुमेह असेल तर रक्तातील साखर आटोक्यात ठेवल्याशिवाय या दुखण्याचा पुरता बंदोबस्त होत नाही.

आता दुखणे उद्भवल्यावर काय करावे? आपल्याकडील सर्वसाधारण रीत अशी, की औषधाच्या दुकानात कोणाला तरी पाठवावयाचे, “लघवीच्या जळजळीची गोळी द्या” असे सांगून चार गोळ्या आणावयाच्या, दोन घेतल्यावर बरे वाटले की उरलेल्या दोन फळीवर ठेवावयाच्या आणि पुढच्या खेपेस त्या जावेला द्यावयाच्या. ही रीत फार घातक आहे. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानातच जगाला बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषध पचवावयास शिकतात. आज तेच प्रत्यक्षात आले आहे. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी एके काळची हुकमी औषधे आपल्या देशातील ई. कोलाय जंतूंपैकी पुष्कळांवर आता निष्प्रभ ठरतात. त्या मानाने नायट्रोफ्युरँटॉइन व फॉस्फोमायसिन ही औषधे साध्या मूत्राशयदाहात अजून बरीच गुणकारी आहेत. कोणते औषध कोणाला आणि किती दिवस द्यावयाचे, हे मात्र डॉक्टरांनीच ठरविले पाहिजे. आग शमविणारी गोड चवीची पातळ औषधे मिळतात. त्यांनी आराम पडतो, परंतु संसर्ग जात नाही.

ज्यांना हा त्रास वारंवार होतो, त्यांनी औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी मूत्राची ‘कल्चर’ तपासणी अवश्य करावी. या तपासणीत जंतू वाढवून पाहतात आणि कोणत्या औषधाने तो मरतो हे निश्चित करतात. निष्कर्ष यावयास दोन-तीन दिवस लागतात. त्रास फार असेल तर नमुना देऊन लगेच औषध सुरू करता येते आणि निष्कर्षानुसार मागाहून बदलता येते. नमुना घेण्याचीही एक रीत आहे. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी, हात धुवावेत, अंग स्वच्छ पाण्याने धुवावे, आरंभीची धार सोडून द्यावी, मधली धार बाटलीत घ्यावी, आणि बाटलीच्या आतल्या कडेला बोट लावू नये. दोन तासांच्या आत बाटली प्रयोगशाळेत पोचवावी. घरच्या लोणच्याची रिकामी बरणी धुऊन त्यात आणलेला नमुना कुचकामी ठरतो. त्यात मूत्रातले जंतू कोणते आणि बरणीतले कोणते हे कळत नाही.

उलट पक्षी, कागदावरच्या आकड्यांनी घाबरूनही जाऊ नये. साध्या तपासणीत ‘पू-पेशी’ थोड्या अधिक दिसल्या आणि स्त्रीला त्रास काहीच नसला, तर गर्भवती सोडून इतरांना बहुधा औषधाची गरज नसते. विनाकारण घेतलेल्या औषधाने पोटातले मित्रजंतू मरतात आणि पुढचा संसर्ग अधिक हट्टी होतो. खाज व पांढरे जाणे ही प्रमुख तक्रार असेल, तर तो बहुधा योनिमार्गाचा निराळा विकार असतो. त्यावर या गोळ्या घेऊ नयेत. पू-पेशी वारंवार दिसतात पण ‘कल्चर’मध्ये जंतू वाढत नाहीत, असे झाल्यास आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. मूतखडा असल्यास तोही जंतूंचे आश्रयस्थान बनतो. अशा वेळी सोनोग्राफी आवश्यक ठरते.

पुढील लक्षणे दिसल्यास घरी थांबू नये : थंडी वाजून ताप येणे, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणे, उलट्या होणे, मूत्रातून रक्त जाणे, मूत्र कोंडणे, वृद्ध स्त्रीला अकस्मात भ्रम होणे. ही जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची किंवा अन्य गंभीर विकाराची चिन्हे असू शकतात. आपल्या शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आणि त्याला जोडलेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. खर्चाच्या भीतीने कोणीही दुखणे अंगावर काढू नये.

नित्याचे नियम थोडक्यात सांगते. दर तीन-चार तासांनी, भावना तीव्र होण्याची वाट न पाहता, जाऊन यावे आणि घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. शौचानंतर पुढून मागे असे धुवावे. योनिमार्गाच्या आत साबण, जंतुनाशक द्रव्ये अथवा सुगंधी पाणी वापरू नये. बाहेरून साधे पाणी पुरते. पाळीत घड्या किंवा पॅड वेळेवर बदलावेत, आणि घड्या उन्हात वाळवाव्यात. त्या कपाटामागे अंधारात वाळवीत बसू नये. अंतर्वस्त्रे सुती व सैल असावीत. क्रॅनबेरी नावाच्या परदेशी फळाचा रस किंवा गोळ्या घेतल्याने वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे २०२३ सालच्या एका मोठ्या परीक्षणात दिसून आले. ज्यांना परवडेल त्यांनी तो उपाय करावा. परंतु पाण्याच्या आधी त्याचा विचार करू नये, आणि मधुमेही स्त्रियांनी साखर घातलेला रस टाळावा. इतके करूनही दुखणे पाठ सोडत नसेल, तर काही महिने अल्प मात्रेत औषध देण्याचे, तसेच प्रतिजैविक नसलेल्या मेथेनामिनसारख्या औषधाचे उपाय तज्ज्ञांपाशी आहेत.

भगिनींनो, आपल्या शहरातील डफरीन चौकातून आपण नित्य जातो-येतो. लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून देशभर निधी उभारला. एशेरिखने जंतूचे वर्णन केले, ते हेच साल. त्याच सुमारास आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यक शिकत होत्या आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. पुरुषवैद्याजवळ बोलण्याच्या संकोचाने स्त्रिया मरणपंथाला लागतात, ही जाणीव या दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी होती. आज स्त्री-डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, जंतू ओळखता येतो, औषध मिळते. तरीही दुखणे सांगावयास स्त्री सहा-सहा महिने लावते, तेव्हा उरलेला अडसर आपल्या जिभेवरच आहे, असे म्हणावे लागते.

तथापि सर्व भार स्त्रीच्या जिभेवर टाकणे न्यायाचे होणार नाही. ती पाणी प्यायली, तर तिला जावयाला जागा हवी. या मागणीसाठी मुंबईतील स्त्रीसंघटनांनी २०११ पासून चळवळ चालविली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे पुरविणे हे महानगरपालिकांचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. महानगरपालिकेकडे आपण मागणी करूच; परंतु जे आपल्या हाती आहे ते आधी करावे. म्हणून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना मी तीन विनंत्या करते. आपल्या समाजाचे जे मंगल कार्यालय आहे, तेथे लग्नाच्या दिवशी शेकडो बायका सकाळपासून रात्रीपर्यंत असतात. तेथे स्त्रियांसाठी पुरेशी, आतून कडी असलेली, दिवा व पाणी असलेली स्वच्छतागृहे असावीत आणि ती दिवसभर साफ ठेवण्यास एक व्यक्ती नेमावी. दुसरी विनंती ही, की मुलींच्या वसतिगृहास देणगी देणाऱ्या दात्यांनी नावाची फरशी सभागृहाइतकीच आनंदाने स्वच्छतागृहावरही लावावी. तिसरी विनंती, वर्षातून एकदा महिला परिषदेने स्त्रियांसाठी मूत्र व रक्तशर्करा तपासणीचे शिबिर भरवावे आणि त्यात गर्भवती व बिडी वळणाऱ्या भगिनींना अग्रहक्क द्यावा.

बंधूंना एकच सांगते. घरातील बाईने आज किती पाणी प्यायले, हा प्रश्न आजवर आपण कधी विचारला नसेल. आज रात्री जेवताना तो विचारावा. उत्तर ऐकून पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवावा, आणि तिला त्रास होत असल्यास तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. माझ्या भगिनींनी यापुढे ‘उन्हाळी’ दोन दिवसांहून अधिक टिकली किंवा पुन्हा आली, तर तिला उन्हाळी म्हणू नये आणि तपासणी करून घ्यावी.